'नकार' रकान्यातली सुगरता

जिच्यामुळं मी या कामात टिकले तिचं नाव आधी सांगते, मग काय झालं ते. तिचं नाव सुगरता. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी नहरानं, म्हणजे कालव्यानं, जिथवर पोचतं, त्या पट्ट्यातल्या एका टोलीत, छोट्या वस्तीत, ती राहते. आडनाव आणि टोलीचं नाव लिहीत नाही, कारण तसं तिला विचारलेलं नाही. ती आरोग्य खात्यातली नव्हे, कुठल्या संस्थेतली नव्हे. दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान रोवायला जाणारी बाई. कागदावर तिची ओळख एवढीच होती, की लस नाकारणारी आई. पण माणसाला प्रश्न कसा विचारायचा हे मला शिकवलं ते तिनं. प्रशिक्षणात ते शिकवलं नव्हतं. शिकवलं असेल तर मला कळलं नव्हतं.

मी मूळची जत तालुक्यातली. आठवीच्या सहामाहीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा. ठेकेदारानं त्याला गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याकडं पाठवलं, पाठोपाठ मी गेले, कडेवर वर्षाचा मुलगा. मिरजेला गाडीत बसलं की गाडी बदलावी लागत नाही, पण गोंदियाला पोचेपर्यंत एक दिवस आणि एक रात्र त्यातच जाते. उतरले तर भाषा मराठीच, पण मला अर्धी कळेना. शहरात दुकानदार हिंदीत बोलायचा, खेड्यात बाया 'का'ला 'काऊन' आणि 'कायले' म्हणायच्या. बाया स्वतःबद्दल बोलताना सुद्धा 'मी जातो, मी येतो' असंच म्हणायच्या. माझं 'अहो' ऐकलं की पोरी तोंडाला पदर लावायच्या. आमच्या गावाकडं पाणी टँकरनं यायचं, आणि इथं माणसं पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उभी राहून शेती करत होती. पहिलं वर्षभर मी घरातून फार बाहेर पडलेच नाही.

कामाला लागले ते अपघातानं. तिथल्या एका संस्थेकडं पाहणीचं काम आलं होतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना लशी मिळाल्या का, मिळाल्या नसतील तर आईबापांनी का दिल्या नाहीत, हे घरोघर जाऊन विचारायचं. दोन हजार दहानंतरची गोष्ट. त्यांच्या प्रशिक्षणाच्या जेवणाला पोळ्या लाटायला मला बोलावलं होतं. निवडलेल्या मुलींपैकी एकीचं लग्न ठरलं, ती आलीच नाही. वानखेडे सर म्हणून पर्यवेक्षक होते, मूळ गोंदिया शहरातले. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "मॅडम, लिहिता येतं का? चलो, मग या." अट दहावी पासची होती. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पिठाचे हात धुतले आणि जाऊन मागच्या रांगेत बसले. तेव्हापासून रोज सकाळी मला वाटायचं, आज कुणीतरी विचारणार.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाहणी म्हणजे काय, फॉर्म भरायचा. फॉर्म शेवटी येतो. आधी टोलीचा नकाशा काढायचा, कुठल्या घरात लहान मूल आहे त्याची यादी करायची. घर बंद दिसलं तर तीनदा परत जायचं, वेगवेगळ्या वेळी. मुलाचं लसीकरणाचं कार्ड मागायचं. कार्ड उंदरानं खाल्लेलं असतं, पावसात भिजलेलं असतं, माहेरी राहिलेलं असतं. मग आईच्या आठवणीवर चालायचं. पोराचा डावा दंड बघायचा, तिथं गोल व्रण असेल तर जन्मानंतरची पहिली सुई टोचलेली आहे असं धरायचं. हे सगळं मला जमलं. दंड बघताना पोरं माझी वेणी ओढायची, तेही जमलं. एका घरी आजोबा स्वतःचा दंड उघडून बसले, म्हणाले आमचंही लिव, आम्हालेही देवीचं टोचलं होतं. लिहिल्यासारखं केलं, तेव्हा चहा मिळाला.

अडायचं ते शेवटच्या प्रश्नावर. 'लस न देण्याचे कारण काय?' त्याखाली नऊ चौकटी. पहिली 'माहिती नव्हती'. मग सत्राची वेळ ठाऊक नव्हती, घरच्यांचा विरोध, दुष्परिणामांची भीती, गरज वाटत नाही, गावी नव्हतो, असं करत शेवटची 'इतर'. 'इतर'पुढं तीन बोटांची रिकामी ओळ. आणि बाजूला 'नकार' असा वेगळा रकाना, आईनं स्पष्ट 'लस देणार नाही' म्हटलं तर भरायचा. सरांना 'इतर' आवडायचं नाही. म्हणायचे, कॉम्प्युटर इतर खात नाही, आकडा खातो.

नियम असा होता, की प्रश्न विचारून गप्प बसायचं. चौकटी वाचून दाखवायच्या नाहीत. आई जे बोलेल त्यावरून चौकट आपण शोधायची. मला ते गप्प बसणंच जमेना. प्रश्न विचारला की समोरची बाई माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं. मला वाटायचं, माझी भाषा तिला कळली नाही, आता ती हसणार, आता ती विचारणार, तू किती शिकली. त्या भीतीनं मी घाईघाईनं चौकटी वाचायला लागायची, पहिलीपासून. पहिली ऐकली की बाई म्हणायची, हो तेच, माहीत नव्हतं. मी खूण करायची. ती मोकळी, मी मोकळी. सगळ्या टोलीत हेच केलं. माझे फॉर्म इतके स्वच्छ असायचे, की सरांनी बैठकीत ते उंच धरून दाखवले. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यानं त्या दिवशी जिलेबी आणली होती.

सुगरताच्या घरीही असंच झालं. तिचा धाकटा, बाबू, दहा महिन्यांचा. जन्मल्यावर दवाखान्यात टोचलेली तेवढी एकच खूण, नंतर काहीच नाही. मी प्रश्न विचारला, ती काही बोलली नाही. मी चौकटी वाचल्या. ती म्हणाली, "लिव माहीत नव्हतं." मी लिहिलं, पेनाला टोपण लावलं, फॉर्म पिशवीत घातला आणि प्यायला पाणी मागितलं.

पाणी घेऊन आली ती तिची थोरली, रोशनी, पाचेक वर्षांची. तोकडा फ्रॉक. तिच्या मांडीवर बाहेरच्या बाजूला एक खड्डा होता, बोराएवढा, कातडी आत ओढलेली. मी उगाच विचारलं, हे काय झालं गं? मला ते फॉर्मसाठी नकोच होतं. फॉर्म तर भरून झाला होता.

आणि मग सुगरता बोलायला लागली. रोशनीला तिनं सुरुवातीचे तिन्ही डोस वेळेवर दिले होते. कार्ड तिच्याजवळ होतं, छपराच्या बांबूत गुंडाळून खोचलेलं. काढून दाखवलं. तिसऱ्या वेळच्या मांडीतल्या सुईनंतर पोरीला ताप आला, मांडी लाल झाली, गाठ आली. तिनं उपकेंद्रात निरोप पाठवला. कोणी आलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा पाठवला. तरी कोणी आलं नाही. दिवस रोवण्याचे होते, नवरा बाहेरगावी कामावर. गाठ पिकली, फुटली. पोर पंधरा दिवस पाय खाली टेकवेना. पुढच्या महिन्यात सत्राला तेच लोक आले आणि दुसऱ्यांच्या पोरांना टोचून निघून गेले. रोशनीचं कुणी विचारलंही नाही. सुगरतानं त्या दिवशी ठरवलं.

मी म्हटलं, "पण तुम्ही तर आत्ता 'माहीत नव्हतं' म्हणालात."

"तू तेच वाचलं ना वो पयले," ती म्हणाली. "मले वाटलं, हिले तेच पायजे."

पिशवीतला फॉर्म मला एकदम जड वाटायला लागला. टोलीतला एकेक दरवाजा डोळ्यापुढं आला. सगळीकडं मी तेच वाचलं होतं. या फॉर्मवरून वर ठरणार होतं, की टोलीतल्या बायांना माहितीच नाही, म्हणजे इथं पोस्टरं लावा, गाडी फिरवून भोंग्यावर ओरडा. पुन्हा ज्यांना सगळं माहीत आहे त्यांनाच सगळं सांगितलं जाणार.

मी घाबरत विचारलं, फॉर्म बदलून लिहू का? पण मग तुमचं नाव 'नकार' रकान्यात जाईल. त्याचं पुढं काय करतात मला ठाऊक नाही.

"लिव ना. माहीत नव्हतं म्हनशील त मी येडी ठरतो. मी नाई म्हनलं, त नाई लिव. आन काऊन म्हनलं तेबी लिव."

सायकल हातात धरून मी त्या दिवशी नहराच्या पाळीवरून, काठच्या बांधावरून, चालतच आले. वाटेत दोन्ही बाजूंनी स्वतःला समजावलं. सांगितलं तर काम जाणार. नाही सांगितलं तर काम राहील, पण मग ते काम कसलं? दुसऱ्या दिवशी सरांपुढं उभी राहिले आणि एका दमात सांगितलं, की सर, मी आठवीपर्यंतच शिकलेय, आणि त्या टोलीतले माझे सगळे फॉर्म चुकलेत. सर चहा पीत होते. त्यांनी विचारलं, आधी कशाचं बोलू, आठवीचं की फॉर्मचं? मी म्हटलं, फॉर्मचं. ते चिडले, आणि चिडायला हवंच होतं. कागद पुढं पाठवायची मुदत आली होती. बराच वेळ हिंदीतून स्वतःशीच बोलले. मग कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा पुढं सरकवून म्हणाले, "तीन दिवस. अपनी जिम्मेदारी पे." आठवीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही.

पुन्हा टोलीत गेले तर बाया हसल्या. परवाच तर विचारून गेली, आता काय विसरली? सुगरता माझ्याबरोबर निघाली. दुसऱ्या घरापासूनच तिनं मला दटावलं. तू जाते आन लगेच इचारते. तू कोन, कुठची, आधी त्याहीले इचारू दे ना.

मग मी तसं केलं. पिशवी बाजूला ठेवून बसायची. बाया विचारायच्या, गाव कुठलं, इतक्या लांब काऊन आली, नवरा मारते का, पोरं किती, एकावरच काऊन थांबली. मी उत्तरं द्यायची. मग हमखास एक प्रश्न यायचा, तुह्या पोराले दिली का लस? दिली, म्हणायची. ताप आला होता का? आला होता, रात्रभर रडत होता, मीही रडले होते. हे मी खरं सांगायची. एवढं झाल्यावर मी माझा प्रश्न विचारायची आणि तोंड बंद ठेवायची. सुरुवातीला मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायची म्हणजे तोंड उघडायला नको. वीसच्या आत बहुतेकजणी बोलायच्या.

काय काय निघालं! एकीला लशीचं काही नव्हतं, पण सत्रात तिच्या पोराच्या वजनावरून चारचौघींत बोलणी बसली होती, म्हणून ती जायची नाही. एकीचा नवरा म्हणाला नको, पण का ते त्यालाही सांगता येईना. पल्स पोलिओच्या वेळी घरावर खडूनं फुली मारून गेले, ती सणाला छुईच्या मातीनं सारवलेल्या भिंतीवर मारली म्हणून एक म्हातारी अजून रागात होती. आणि बऱ्याच जणींचं म्हणणं फिरून फिरून एकाच ठिकाणी यायचं. टोचायला येतात, मग बघायला कोणी येत नाही. ताप घेऊन पोर आमच्याजवळ. त्यात सत्र नेमकं रोवण्यात. नहराचं पाणी सुटलं की रोवणी थांबत नाही. बायांची टोळी गुत्त्यावर जाते, म्हणजे अख्ख्या शेताचं काम मिळून अंगावर घेते. एक जण घरी बसली की तिची रांग रिकामी राहते आणि भार बाकीच्यांवर पडतो. तापल्या पोराजवळ कोण बसणार?

हे कुठल्याच चौकटीत बसत नव्हतं. 'भीती'त बसेल असं वाटायचं, पण या बाया भीत नव्हत्या. त्यांनी हिशोबानं ठरवलं होतं. मी 'इतर'वर खूण करत गेले. तीन बोटांच्या ओळीत मावेना म्हणून पाठीमागं लिहिलं. सुगरताच्या फॉर्मवर 'नकार' लिहिलं आणि मागं तिचं सगळं म्हणणं, तिच्या शब्दांत. वाचून दाखवलं. म्हणाली, हो, असंच आहे.

माझं काम तिथं संपलं होतं. विचारणं एवढंच आमचं काम. लस द्यायला लावणं आमचं नव्हे, तसं करायचंही नसतं. पण त्याच आठवड्यात कळलं, की नहरापलीकडच्या गावात गोवर आला आहे. दोन पोरं तिरोड्याला दवाखान्यात होती. आणि बाबू लशीविना उघडाच होता. मी फॉर्मसाठी त्याचा दंड बघितला होता, त्यानं माझं बोट धरलं होतं. मला राहवेना.

सुगरताला जाऊन म्हटलं, आता मी फॉर्म घेऊन आलेली नाही. बाबूला टोचून घे. ती म्हणाली, गोवराचं तिनंही ऐकलं. पण उद्यापासून टोळी रहांगडाले पाटलाच्या बांधीत. पोर तापलं तर? मांडी सुजली तर? तेव्हा आलं नाही कोणी, आता येईल कशावरून?

मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी सिस्टर घरी येऊन मांडी बघेल, मी आणेन. आणि दोन दिवस तुझ्या जागी मी रोवायला जाते. तू पोराजवळ बस.

ती माझ्या पायांकडं बघत राहिली. "तुले येते का रोवता?"

"नाही."

"मंग?"

"शिकीन."

ती हसली, पण नाही म्हणाली नाही. उपकेंद्राला नवीन सिस्टर आली होती, रोशनीच्या वेळची नव्हे. तिला जाऊन सांगितलं. तिनं कबूल केलं, उद्या टोचते, परवा दुपारपर्यंत घरी येऊन बघते. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत बाबूच्या मांडीत एक सुई, दंडात एक. सिस्टरनं सांगितलं, आज-उद्या मांडीतल्या सुईचा ताप येईल, थोडी कणकण, घाबरायचं नाही. सुगरता पोराला घेऊन गेली. मी साडी खोचून बांधीत उतरले.

ज्यांनी कधी रोवलं नाही त्यांना सांगते. चिखलात पाय घातला की तो आपला राहत नाही. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंढी, उजव्या हातानं दोन-तीन काड्या सोडवून बोटांनी चिखलात खुपसायच्या, आणि मागं सरकायचं. मागं! मी पुढं जायला बघायची. बाया एका ओळीत मागं सरकत जातात, आपली रांग सरळ ठेवत, गाणं म्हणत किंवा कोणाची तरी निंदा करत. त्या दिवशी निंदा माझीच होती. टोळीची म्होरकी सकूनबाई, साठीची, कंबर वाकली ती वाकलीच. ती म्हणाली, रांग आहे का सापाची वाट? जत कुठं आहे म्हणे, तिथं माणसं काय खाऊन राहिली? मी म्हटलं, भाकरी. त्यावर सगळ्याजणी बराच वेळ हसल्या. मी लावलेल्या काड्या मागून तरंगत वर यायच्या. शेजारची पोर एका हातानं तिची रांग आणि दुसऱ्या हातानं माझी खुपसत होती. संध्याकाळी उभं राहता येईना. सुगरताच्या घरावरून गेले. बाबू तापला होता, रडत होता. ती त्याला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी सिस्टर आली नाही. मी वाकलेली असतानाच पायवाटेकडं बघत होते. मोबाईलला तिथं रेंज नव्हती. सूर्य कलला तरी पायवाट रिकामीच. आज कोणी आलं नाही तर सुगरताच्या घराचा दरवाजा बंद होणार, आणि तिच्याबरोबर टोलीतले सगळे. आणि तो बंद करणारी मी. पण रांग सोडून जाता येत नव्हतं. ती रांग सुगरताची होती, शब्द मीच दिला होता.

मी सरळ उभी राहिले आणि सकूनबाईला सांगितलं, सिस्टर आली नाही. तिनं मान वर केली नाही. हातातली पेंढी संपवली. मग म्हणाली, "जाय. तुही रांग आमी वाटून घेतो. तशीबी आमीच रोवून राहिलो."

मी धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, चढले आणि तशीच निघाले. सायकल टोलीत होती, ती आणायला गेले असते तर सुगरता दिसली असती. तिला काय सांगायचं? म्हणून नहराच्या पाळीवरून पायीच, चार-साडेचार किलोमीटर. पायांवरचा चिखल वाळून तडकत होता. उपकेंद्रात शिरले तेव्हा सिस्टर टेबलावर रजिस्टरांच्या ढिगात होती. वरून तातडीचा अहवाल मागितला होता. तिनं मला ओळखलंच नाही. म्हणाली, बाई, ओपीडी संपली. मी म्हटलं, मी फॉर्मवाली. तुम्ही आज दुपारी येणार होता.

ती म्हणाली, उद्या सकाळी पहिलं काम तेच करते. आज हा कागद गेला नाही तर मला नोटीस येईल. ती खोटं बोलत नव्हती. मलाही कागदाची भीती माहीत होती, मी त्या भीतीनंच सगळी टोली चुकीची लिहिली होती. पण मी हलले नाही. फरशीवर माझ्या पायांचा चिखल पडत होता. मी म्हटलं, "सिस्टर, उद्या तुम्ही याल, पण ती दार उघडणार नाही. ती आजचीच वाट बघून राहिलीय." माझ्या तोंडून 'राहिलीय' निघालं हे मला नंतर जाणवलं. मी विनवत नव्हते. मी तिथंच उभी राहणार होते, एवढंच तिला कळलं असावं. तिनं पेन ठेवलं आणि स्कूटीची किल्ली घेतली.

टोलीत पोचलो तेव्हा उजेड होता. सुगरता दारातच बसली होती. सिस्टरनं हात धुतले, बाबूला घेतलं, मांडी दाबून बघितली. थोडी लाली, हरभऱ्याएवढी गाठ. ताप उतरत आला होता. तिनं औषधाचे थेंब मोजून पाजायला दाखवले आणि म्हणाली, ही गाठ आपोआप बसेल. वाढली, लाल झाली, गरम लागली तर लगेच निरोप द्या, मी येते. पाला, हळद काही लावू नका.

सुगरतानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं रोशनीला पुढं ओढलं आणि फ्रॉक वर केला. "सिस्टर, हिच्या येळी मी पाला वाटून लावला होता. कोनी आलं नाई म्हनून लावला. हे सुईनं झालं का माह्या पाल्यानं?"

तेव्हा मला कळलं, की फॉर्मच्या पाठीमागं मी जे लिहिलं होतं तेही पुरतं नव्हतं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांवर रागावून होती तेवढंच मी लिहिलं होतं. ती स्वतःलाही विचारत बसली होती, हे लिहिलं नव्हतं.

सिस्टरनं खड्ड्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, "मी तेव्हा नव्हते, बाई. मला सांगता येणार नाही." खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी तिला मानते. सुगरता म्हणाली, बरं. फ्रॉक खाली केला आणि चहा ठेवायला आत गेली.

बाबूला गोवर आला नाही. पुढच्या सत्राला सुगरता स्वतः टोलीतल्या बायांना घेऊन गेली. सगळ्या आल्या नाहीत. सारवलेल्या भिंतीवाली म्हातारी आली नाही आणि तिनं नातवालाही पाठवलं नाही. पाहणीचा अहवाल पुढं इंग्रजीत छापून आला. मला वाचता आला नाही. सरांनी एका ओळीवर बोट ठेवून सांगितलं, हे तुमच्या टोलीचं आहे, टोचल्यानंतर दुसऱ्या दिवशी घरी भेट द्यावी असं लिहिलंय. ती सिस्टर होती तोवर आमच्याकडं तसं चाललं. तिची बदली झाली आणि कधी झालं, कधी नाही. मला मात्र संस्थेनं ठेवून घेतलं. त्यानंतर कितीतरी पाहण्या केल्या, नव्या मुलींना शिकवलं. त्या पदवीधर असतात आणि मला मॅडम म्हणतात.

पण सुगरताचा प्रश्न मी कुणाकडं नेलेला नाही, हे इथं लिहायलाच हवं. लोकांना प्रश्न विचारून मी पोट भरलं आणि हा एक विचारायला घाबरले. एकदा गोंदियाला मोठ्या डॉक्टरांच्या दारात रांगेत उभी राहिले होते, तेच विचारायचं ठरवून. नंबर आला आणि मी माझा गुडघा दाखवून परत आले. मनात येतं, पाल्यानं झालं असं म्हणाले तर? ते ओझं घेऊन मी तिच्या दारात कशी जाऊ? मागल्या साली भेटले तेव्हा रोशनी माझ्याहून उंच झालेली. सुगरतानं चहा दिला, माझ्या मुलाची चौकशी केली, ते सोडून सगळं बोलली. कोणी एखादी गोष्ट मुद्दाम विचारत नाही, ते मला आता ओळखता येतं.

तिनं मला सांगितलं नसतं तर मी त्या स्वच्छ फॉर्मांवर आयुष्यभर खूश राहिले असते. त्याची फेड अजून झालेली नाही. दोन दिवस वाकड्या रांगा रोवल्या त्यात ती फिटत नाही. म्हणून आता चारचौघांत लिहून देते, म्हणजे मागं सरता येणार नाही. एक दिवस मी सुगरताला आणि रोशनीला घेऊन त्या डॉक्टरांपुढं बसेन, तो खड्डा दाखवीन, काय काय झालं ते सगळं सांगेन आणि विचारेन. सुईचं निघो की पाल्याचं, किंवा आता इतक्या वर्षांनी सांगता येत नाही असं निघो. जे उत्तर येईल ते ती एकटी ऐकणार नाही. मी तिच्या शेजारी बसलेली असेन.